मिळकतीचा वकील आणि महानगर : चार्ल्स अब्रॅम्स

वकील म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे उभा राहतो तो फौजदारी कोर्टातला, साक्षीदाराची भंबेरी उडविणारा वक्ता. स्थावर मिळकतीचे काम पाहणारा वकील सहसा कोणाच्या खिजगणतीत नसतो. तो खरेदीखते लिहितो, गहाणखते तपासतो, जुनी दप्तरे चाळून अमुक जागेवर तमुकाचा बोजा आहे किंवा नाही हे सांगतो. अशा माणसाच्या चरित्रात सार्वजनिक व्याख्यानास पुरेल असे काय असणार, ही शंका कोणी घेतली तर तिला न्यूयॉर्कच्या चार्ल्स अब्रॅम्स यांचे उदाहरण द्यावे.

अब्रॅम्स यांचा जन्म १९०२ साली, त्या वेळी रशियन साम्राज्यात असलेल्या विल्ना शहरी, एका गरीब ज्यू कुटुंबात झाला. कुटुंब ब्रुकलिनला येऊन राहिले. मुलाने लहानपणी रस्त्यावरचे दिवे लावण्याचे काम केले, पुढे कायद्याची पदवी घेतली आणि वकिली मांडली. जमीनजुमल्याच्या कामात त्यांना गती होती. त्यांनी स्वतःही ग्रेनिच व्हिलेज भागात मिळकती घेतल्या व त्यांवर पैसाही मिळविला. हे मुद्दाम सांगितले. भाडे म्हणजे काय, घरमालकाचे हिशेब कसे चालतात, हे त्यांना पुस्तकातून शिकावे लागले नव्हते, आणि म्हणूनच घरमालकांना त्यांचे बोलणे उडवून लावता येत नसे.

१९३४ साली न्यूयॉर्क शहराने गरिबांसाठी घरे बांधणारी गृहनिर्माण संस्था स्थापन केली. तिच्या कायद्याचा मसुदा तयार करण्यात अब्रॅम्स यांचा हात होता आणि संस्थेचे वकीलही तेच झाले. पहिली वसाहत शहराच्या पूर्व भागात, जुन्या कोंदट चाळींच्या जागी उठवावयाची होती. बहुतेक जागा एका मोठ्या जमीनदाराकडून मिळाली. पण मधोमध मुलर नावाच्या मालकाच्या दोन इमारती होत्या आणि तो त्या देण्यास राजी नव्हता. संस्थेने सक्तीच्या संपादनाचा अर्ज केला. मुलरचे म्हणणे असे : सरकारने माझी जागा रस्त्यासाठी घ्यावी, रेल्वेसाठी घ्यावी, ती सर्वांच्या उपयोगाची होय. परंतु माझे घर पाडून त्या जागी दुसऱ्या कोणाला कमी भाड्याने राहावयास दिले, तर त्यात सार्वजनिक उपयोग कोठला?

हा आक्षेप किरकोळ नव्हता. १९३५ साली लुईव्हिल शहरातील एका प्रकरणात, घरे बांधण्यासाठी मध्यवर्ती सरकारला सक्तीने जमीन घेता येत नाही, असा निर्णय एका वरिष्ठ न्यायालयाने दिलेलाच होता. अब्रॅम्स यांनी वादाची जागाच बदलली. मध्यवर्ती सरकारला हा अधिकार नसेल. राज्याचे तसे नाही. जनतेचे आरोग्य व सुरक्षितता राखणे हे राज्याचे मूळचेच कर्तव्य. गलिच्छ वस्तीत क्षय पोसला जातो, आगी लागतात, गुन्हे वाढतात आणि त्यांची झळ त्या वस्तीपुरती राहत नाही. तेव्हा लाभ केवळ नव्या भाडेकरूचा नव्हे. तो सबंध शहराचा आहे. १९३६ साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने हा युक्तिवाद उचलून धरला. सार्वजनिक उपयोग म्हणजे प्रत्येकाने पाऊल ठेवण्याची जागा, हा संकुचित अर्थ तेथे मागे पडला. आपल्याकडे १८९४ च्या भूसंपादन कायद्यातील ‘सार्वजनिक प्रयोजन’ या दोन शब्दांवर किती कज्जे झाले हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना या निर्णयाचे वजन वेगळे सांगावयास नको.

परंतु शस्त्र एकदा घडविले की ते कोणाच्या हाती जाईल यावर घडविणाऱ्याचा ताबा राहत नाही. १९४३ साली शहराने एका बलाढ्य विमा कंपनीशी करार केला. झोपड्या-चाळी हटविण्याच्या त्याच तत्त्वावर जमीन सक्तीने घेऊन कंपनीला दिली, मधले सार्वजनिक रस्ते दिले, पंचवीस वर्षे करात सूट दिली. स्टायव्हेसन्ट टाउन ही प्रचंड वसाहत उभी राहिली आणि कंपनीने तेथे कृष्णवर्णीयांना घर नाकारले. युद्धातून परतलेल्या कृष्णवर्णीय सैनिकांनी दावा लावला, तेव्हा त्यांच्या वकिलांत अब्रॅम्स होते. जमीन जनतेच्या सत्तेने घेतली, कर जनतेने सोडला. मग कंपनी खाजगी कशी, हा त्यांचा प्रश्न. १९४९ साली चार विरुद्ध तीन मतांनी ते हरले. कंपनी हे राज्य नव्हे, असे बहुमत म्हणाले. माझ्या मते अल्पमताचीच बाजू न्यायाची होती. पुढे १९५१ साली शहराने कायदा करून अशा वसाहतींतील भेदभावास बंदी घातली, म्हणजे न्यायालयात जे मिळाले नाही ते नगरसभेत मिळाले.

या अनुभवानंतर त्यांनी वर्णभेदाचा प्रश्न हाती घेतला. अमेरिकेत त्या काळी कित्येक खरेदीखतांतच, हे घर कृष्णवर्णीयांस विकू नये, अशी अट घातलेली असे. १९४८ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने, अशा अटींची अंमलबजावणी कोणत्याही न्यायालयाने करू नये, असे ठरविले. तरी सावकारी संस्था व दलाल यांची रीत काही लगेच सुटली नाही. ती कशी चालते याचा पंचनामा अब्रॅम्स यांनी १९५५ च्या ‘फॉरबिडन नेबर्स’ या ग्रंथात केला. त्याच सुमारास ते न्यूयॉर्क राज्याच्या भेदभावविरोधी आयोगाचे अध्यक्ष झाले.

संयुक्त राष्ट्रसंघाने त्यांना अनेक देशांत पाठविले. १९५४ साली ते, आज घाना म्हणून ओळखल्या जाणाऱ्या गोल्ड कोस्टला गेले. त्यांच्याबरोबर ऑटो केनिग्सबर्गर होते. भुवनेश्वरचा आराखडा करणारे ते हेच. खेड्यांत मातीच्या भिंती लोक स्वतःच उभारीत. अडत असे ते छपरापाशी, कारण पत्रे आणि वासे विकत घ्यावे लागत. कर्ज काढावे तर जमीन कुळाच्या सामाईक मालकीची. गहाण ठेवावयास कोणाच्या नावावर काही नाही. आयुष्यभर गहाणखते पाहिलेल्या माणसाला ही अडचण चटकन उमगली असावी. मंडळाने सुचविले की संपूर्ण घरासाठी कर्ज देण्याच्या भानगडीत पडू नये. भिंती ज्याने उभ्या केल्या त्याला केवळ छपरापुरते कर्ज द्यावे. पुढे ही योजना तेथील खेड्यांत अमलात आली.