खडकांच्या पोटात : उभ्या शिरेला तिरका बोअर

मागच्या आठवड्यात आपण कोळशासारखी थरांत पसरलेली खनिजे पाहिली. तिथे सरळ खाली बोअर घेतला की थर कधी ना कधी लागतोच. फ्लोअरस्पार आणि जस्त ज्या शिरांत सापडतात, त्यांचे तसे नाही. खडकातल्या भेगांत गरम, खारट पाण्यातून खनिज साचून शीर तयार होते आणि ती बहुधा उभीच असते. तिच्या शेजारी उभा बोअर घेतला, तर शेकडो मीटर खाली जाऊनही ती हुकते.

म्हणून यंत्र शिरेपासून दूर मांडून बोअर तिरका घालतात. जमिनीशी 60 अंशांचा कोन धरला, तर कोअरमध्ये, म्हणजे बोअरमधून काढलेल्या खडकाच्या दांड्यात, 2 मीटर दिसणारी उभी शीर प्रत्यक्षात 1 मीटरच रुंद असते. खाणकंपनीचे पत्रक वाचताना रुंदी यांपैकी कोणती, हे आधी विचारावे.

कोअरच्या पेटीत फ्लोअरस्पार ओळखणे सोपे : जांभळा किंवा हिरवट, काचेसारखा. जस्ताचे खनिज स्फॅलेराइट तपकिरी, राळेसारखे चमकते. पण फ्लोअरस्पार चार दिशांनी सहज फुटतो. खडक कापणाऱ्या बिटाच्या हादऱ्याने त्याचा चुरा होतो आणि पाण्याबरोबर वाहून जातो. म्हणजे नेमका शिरेपाशीच कोअर गहाळ! अनुभवी ड्रिलर तिथे वेग कमी करतो आणि वर येणारा गाळही राखून ठेवतो.

आणखी एक फसगत आहे. इंग्लंडमधल्या उत्तर पेनाइन्सच्या शिरा चुनखडीसारख्या टणक खडकात रुंद होतात आणि शेलसारख्या मऊ खडकात दोऱ्याएवढ्या बारीक उरतात. शेलमध्ये शीर गाठणारा बोअर रिकामा निघाला, म्हणून वरच्या किंवा खालच्या चुनखडीत काही नाही, असे म्हणता येत नाही.

याच भागात, वेअरडेलमधल्या रूकहोपला 1960-61 मध्ये एक गाजलेला बोअर झाला. मध्यभागी फ्लोअरस्पार आणि भोवती बराइट हे खनिज, अशी शिरांची मांडणी पाहून भूवैज्ञानिक किंग्सली डनहॅम यांना खाली दडलेल्या ग्रॅनाइटची शंका आली होती. भूभौतिकतज्ज्ञ मार्टिन बॉट यांच्या गुरुत्वमापनानेही तेच सुचवले. सुमारे 390 मीटरवर ग्रॅनाइट लागला खरा, पण त्याचा माथा झिजलेला निघाला! म्हणजे चुनखडी साचण्याआधीच तो थंड होऊन उघडा पडला होता. चुनखडीत शिरा भरल्या त्या कितीतरी नंतर. तेव्हा खनिजे ग्रॅनाइट थिजताना त्याच्यातूनच निघाली, हे सरळ स्पष्टीकरण कोसळले. माझ्या मते, नवी शीर सापडण्यापेक्षा हे अधिक मोलाचे.

फ्लोअरस्पार आपल्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या डोंगरगावलाही आहे. त्याविषयी पुढच्या आठवड्यात.