बाहेरकाठा : खाडीच्या उंबरठ्यावरील शेती

पेण शहरालगतच्या रामवाडीहून पश्चिमेकडे निघाले असता डोंगर पाठीशी राहतात आणि जमीन धरमतरच्या खाडीपर्यंत सपाट होत जाते. पावसाळ्यात तेथे भातशेती डोलू लागते. परंतु या शेतीचा बराचसा भाग उधाणाच्या भरतीहून खालच्या पातळीवर आहे, ही गोष्ट महामार्गाने जाणाऱ्या प्रवाशाच्या सहसा ध्यानी येत नाही. खाडी आणि शेत यांच्यामध्ये उभा असतो तो केवळ एक मातीचा बांध. यासच बाहेरकाठा म्हणतात.

या बंदिस्तीची रचना साधी, पण मार्मिक आहे. सुमारे १२ तास २५ मिनिटांनी भरती येते आणि अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास तिला उधाण चढते. बांधात ठेवलेल्या उघाडीचे दार भरतीच्या दाबाने मिटते आणि ओहोटी लागताच शेतातील पाणी बाहेर सोडते. अडचण उद्भवते ती अतिवृष्टी आणि उधाण एकाच वेळी आले म्हणजे. दार मिटलेले, वरून पाऊस आणि मागून नदीचा पूर! जिच्या पुराने १९८९ च्या जुलैत जांभूळपाड्यावर अनर्थ ओढवला, ती अंबा नदी याच खाडीस येऊन मिळते.

बांधाचा नाश बहुधा लहानशा निमित्ताने होतो. खेकड्याच्या बिळातून पाणी झिरपू लागते, प्रत्येक भरती ती वाट रुंद करते, आणि एके दिवशी खांड पडते. खारे पाणी एकदा शेतात शिरले, की मीठ धुऊन निघण्यास कित्येक पावसाळे लागतात. खांड तशीच राहिली, तर शेतात तिवरे रुजतात. तिवरांची तोड २०१८ साली मुंबई उच्च न्यायालयाने राज्यभर निषिद्ध ठरविली. यास्तव अशी जमीन शेतकऱ्यास पुन्हा लागवडीखाली आणणे दुष्कर होते. तथापि तिवर हा शेतीचा वैरी नव्हे. बांधाच्या बाहेर उभा असता तोच लाटांचा जोर मोडून बांध राखतो.

तेव्हा प्रश्न बांध घालण्याचा नसून तो सतत राखण्याचा आहे. जुन्या काळी शिलोत्रीदार बाहेरकाठ्याची जबाबदारी घेई आणि त्याबद्दल कुळांकडून त्यास ठराविक भात मिळे. पुढे १९४८ साली खारभूमीचा कायदा झाला आणि १९७९ च्या कायद्याने त्याची जागा घेतली. व्यवस्था बदलल्या, बांधाची निगा मात्र कोणासही चुकली नाही.

आता समुद्रच वर येत आहे. १९०१ ते २०१८ या काळात जगातील समुद्राची सरासरी पातळी सुमारे २० सेंटिमीटरने वाढली. २००६ नंतरच्या काळात हा वेग वर्षाकाठी सुमारे ३.७ मिलिमीटर झाला. शतकाच्या अखेरीस पाणी नेमके किती चढेल, हे आज कोणीही निश्चित सांगू शकत नाही. मग योजना करावी तरी कशी?

लंडनकरांनी यावर एक उपाय योजला आहे. १९५३ च्या समुद्रपुरानंतर टेम्स नदीवर फिरत्या दारांचा मोठा अडसर उभारण्यात आला व तो १९८२ पासून कामी येऊ लागला. परंतु तेवढ्यावर न थांबता त्यांनी २१०० सालापर्यंतचा आराखडा आखला. त्यात एकच अंतिम निर्णय नाही. पाण्याची पातळी, बांधांची स्थिती इत्यादींची नोंद नियमाने ठेवावयाची, आणि ठरविलेली खूण जवळ येताच पुढील उपाय हाती घ्यावयाचा. कारण मोठे बांधकाम उभे राहण्यास अनेक वर्षे लागतात.

खर्चाचा तो प्रचंड अडसर पेणला नको; त्यामागील शिस्त मात्र अवश्य हवी. दरवर्षी उधाणाची उंची नोंदावी, पावसाळ्यापूर्वी प्रत्येक उघाडी तपासावी, कोणता बांध उंचवावा आणि कोणता मागे घेऊन पुढे तिवरांस जागा द्यावी, हे गावकऱ्यांसमवेत आधीच ठरवावे. तहान लागल्यावर विहीर खणू नये, असे म्हणतात. खाडीकाठी तर विहिरीइतकीही सवड मिळत नाही. दोन भरतींमध्ये अवघे बारा तास असतात.