चोडणचें पक्षि-अभयारण्य

रायबंदरहून तरींत बसून मांडवी ओलांडली कीं चोडण बेट लागतें. तेथील सुमारें १७८ हेक्टर तिवरवन १९८८ सालीं अभयारण्य ठरलें. त्यास सलीम अली यांचें नांव आहे. भरतीच्या वेळीं आम्ही होडीनें आंत गेलों. बगळे, पाणकावळे, खंड्या अगदीं जवळून दिसले. परंतु शेतकरी वाचकांनीं विशेष पाहावें तें गोव्याचें खाजण. बांधांतील मानशीचें दार भरतीच्या रेट्यानें आपोआप मिटतें व ओहोटीस उघडून शेतांतील पाणी बाहेर सोडतें. बांध फुटून दुरुस्ती लांबली, कीं खारें पाणी शिरतें, भात जातें आणि तिवर रुजतात. ते वाढल्यावर परवानगीवांचून तोडतां येत नाहींत. पक्ष्यांचें त्यांत बरेंच आहे, खातेदाराचें नाहीं! पूर्वीं हे बांध गांवकारी राखीत असे. आतां तें काम कूळसंघांकडे आहे.