आधी ऊब, मग गॅस
(लेखांक ७)

चिमणीवरच्या प्रोबमधून निघालेला धूर खाली अ‍ॅनालायझरच्या खोलीत कसा पोचतो, ते मागच्या आठवड्यात पाहिलं. आज ही यंत्रणा सुरू आणि बंद करण्याबद्दल. मी पाहिलेले बहुतेक मोठे बिघाड या दोन वेळांतच झाले.

कोळशाच्या धुरात पाण्याची वाफ असते, सल्फर डायऑक्साइड असतो आणि थोडासा ट्रायऑक्साइडही. धूर साधारण १२० ते १५० अंशांच्या खाली उतरला, की नळीला आतून गंधकाम्लाचं दव धरतं. म्हणून प्रोब आणि नमुन्याची नळी विजेवर तापवतात, बऱ्याच ठिकाणी १८० अंशांपर्यंत. त्याला अर्धा-पाऊण तास सहज जातो. शिफ्ट बदलत असते, ‘रीडिंग कधी येणार’ म्हणून फोन वाजत असतो आणि तो अर्धा तास संपता संपत नाही. तरीही पंप लावायचा नाही. पाणी वेगळं काढणारा चिलरही तोवर चार-पाच अंशांवर स्थिरावलेला हवा.

नळी थंड असताना पंप चालूच होऊ नये, म्हणून इंटरलॉक असतो. एका कारखान्यात तो वायरचा तुकडा लावून बायपास केलेला होता. मी फिल्टर उघडला, तर पांढरी वात पिवळट होऊन लिबलिबीत झालेली. फ्लोमीटरच्या काचेत थेंब साचले होते आणि गोळी तळाशी चिकटून बसली होती. अ‍ॅनालायझरचा सेल बदलावा लागला. घाईत वाचवलेला अर्धा तास किती महाग पडला!

पंप लावल्यावर गळती तपासायची. पंपाच्या आधीच्या जोडांवर साबणाचं पाणी लावून उपयोग नाही. तिथे दाब उणा असतो, बुडबुडे येतच नाहीत, उलट पाणी आत ओढलं जातं. प्रोबपाशी नायट्रोजन द्यावा आणि ऑक्सिजनचा आकडा पाहावा. तो शून्याजवळ आला नाही, तर बाहेरची हवा आत शिरते आहे. ही गळती फार फसवी. हवा मिसळली की सल्फर डायऑक्साइड कमी दिसतो, म्हणजे चिमणी आहे त्याहून स्वच्छ भासते. २०१४ साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने अतिप्रदूषणकारी १७ प्रकारच्या उद्योगांत ऑनलाइन मोजणीचे निर्देश दिले. तिकडे जाणारा आकडा असा सैल जोडामुळे खोटा ठरावा, हे मला सहन होत नाही.

बंद करताना क्रम उलटा. आधी धूर तोडायचा, मग प्रोबपासून अ‍ॅनालायझरपर्यंत कोरडी हवा किंवा नायट्रोजन फिरवायचा. ड्रेनच्या नळीतून थेंब पडायचा थांबला, की पंप बंद. चिलर त्यानंतर, आणि नळीची ऊब सगळ्यात शेवटी. अचानक वीज गेली, तर हा क्रम पाळायला कुणी हजर असेलच असं नाही. त्यासाठी वीज जाताच आपोआप उघडून हवा सोडणारा सोलेनॉइड व्हॉल्व्ह बसवून घ्यावा.

आणि सिलिंडर. रेग्युलेटरची मूठ पूर्ण सैल करून, बाजूला उभं राहून मगच व्हॉल्व्ह हळू उघडायचा. काम झालं की सिलिंडरवरूनच बंद करायचा. बंद खोलीत नायट्रोजन झिरपत राहिला तर वास येत नाही, खोकला येत नाही, माणूस थेट कोसळतो. खोलीतला ऑक्सिजन १९.५ टक्क्यांखाली गेल्याचा अलार्म वाजत असेल, तर सहकारी आत पडलेला दिसला तरी श्वसनयंत्र लावल्याशिवाय आत जाऊ नका.