मणक्याच्या ऑपरेशननंतरही उरणारी कळ

ऑपरेशन नीट पार पडलं, टाके निघाले, नव्या एमआरआयमध्ये नस मोकळी दिसते. तरी कमरेतून पायात करंट मारल्यासारखी कळ उतरतेच. मणक्याच्या शस्त्रक्रियेनंतर दुखणं मागे उरलेल्यांचं प्रमाण वेगवेगळ्या अभ्यासांत साधारण १० ते ४० टक्के निघालं आहे. ‘गॅपचं ऑपरेशन झालं ना, मग आता काय दुखतंय?’ हा घरच्यांचा प्रश्न अशा माणसाला कळेइतकाच लागतो.

हे दुखणं मनाचे खेळ नव्हेत. बराच काळ दबलेली नस मोकळी झाल्यावरही दुखरे संदेश पाठवत राहू शकते. जखम भरताना तयार झालेली चिवट ऊती तिला चिकटू शकते. स्क्रू घालून मणके जोडले असतील, तर वरखालच्या सांध्यांवर जादा भार येतो. एकाच पाठीत यातली दोन-तीन कारणं नांदत असतात, म्हणून एकाच गोळीनं किंवा एकाच सुईनं काम भागत नाही.

नसेच्या कळेवर नेहमीची वेदनाशामकं फारशी चालत नाहीत. तिथे गॅबापेन्टिन किंवा प्रीगाबालिन ही फिट्सवरही दिली जाणारी औषधं लागतात, नाहीतर अ‍ॅमिट्रिप्टिलिन, ड्युलोक्सेटिन ही मूळची नैराश्यावरची. मोबाइलवर गोळीचं नाव शोधून ‘डॉक्टरांना मी वेडा वाटलो’ असं समजून ती परस्पर बंद करणं, हे फार मोठं नुकसान आहे. मेंदूकडून पाठीच्या कण्यात उतरणारी, वेदना आवरणारी यंत्रणा या गोळ्या बळकट करतात. अ‍ॅमिट्रिप्टिलिन तर यासाठी रात्री १० मिलिग्रॅमसारख्या छोट्या मात्रेपासून सुरू होते.

औषधांच्या जोडीचा एक गाजलेला प्रयोग कॅनडात इयन गिलरॉन आणि सहकाऱ्यांनी केला, तो २००५ साली प्रसिद्ध झाला. त्यातले ५७ रुग्ण पाठीचे नव्हते. मधुमेहानं किंवा नागिणीनं त्यांच्या नसा दुखावलेल्या होत्या. सुरुवातीला १० पैकी सरासरी ५.७ असलेली वेदना नुसत्या मॉर्फिनवर ३.७, नुसत्या गॅबापेन्टिनवर ४.२ आणि दोन्ही मिळून ३.१ झाली, तीही प्रत्येकाची मात्रा कमी ठेवून. उत्तम जोडीनंही वेदना शून्यावर आली नाही, हे रुग्णाला पहिल्याच भेटीत सांगायला हवं.

शिवाय हीच जोडी धोक्याचीही आहे. मॉर्फिनसारख्या अफूवर्गातल्या औषधांसोबत गॅबापेन्टिन घेतल्यास श्वास मंदावू शकतो, विशेषतः वृद्धांत आणि दम्यासारखे फुप्फुसांचे विकार असलेल्यांत. ट्रॅमाडॉल हे वेदनाशामक आणि ड्युलोक्सेटिन एकत्र आल्यास थरथर, ताप, गोंधळलेपणा उद्भवू शकतो. म्हणून औषधं एकेक करून वाढवावीत आणि मूत्रपिंड तपासून मात्रा ठरवावी.

मणक्यात द्यायच्या इंजेक्शनचा इतिहास जुना आहे. १९०१ साली पॅरिसमध्ये सिकार आणि कातलँ यांनी स्वतंत्रपणे कण्याच्या तळातून कोकेनचं द्रावण सोडलं होतं. आता एक्स-रे यंत्राच्या पडद्यावर सुई बघत, रंगद्रव्य सोडून जागेची खात्री करत भुलीचं औषध आणि स्टेरॉइड दिलं जातं. आराम काही आठवडे, कधी काही महिने टिकतो. चिकटलेल्या ऊतीमुळे औषध पसरलंच नाही तर फारसा मिळतही नाही. दुखणं सांध्याचं असेल, तर आधी त्याच्या बारीक नसा बधिर करून बघतात. तेवढ्यानं बरं वाटलं, तर रेडिओलहरींच्या उष्णतेनं त्या नसा निकामी करतात. नसा पुन्हा वाढतात, त्यामुळे हा आरामही कायमचा नसतो.

स्टेरॉइडनं मधुमेहींची साखर काही दिवस चढते. रक्त पातळ करणारी गोळी चालू असल्यास डॉक्टरांना आधीच सांगावं. स्वच्छतेत तर जराही ढिलाई नको: २०१२ साली अमेरिकेत बुरशी लागलेल्या स्टेरॉइडच्या बाटल्यांमुळे साडेसातशेच्या आसपास माणसं आजारी पडली आणि साठाहून अधिक दगावली.

गोळ्या आणि इंजेक्शन यांचा खरा मेळ बसतो तो व्यायामाशी. कळ ओसरलेल्या त्या आठवड्यांत फिजिओथेरपी सुरू झाली, तर कधीपासून न वापरलेले स्नायू कामाला लागतात आणि डॉक्टरांच्या सल्ल्यानं गोळ्यांची मात्रा हळूहळू उतरवता येते. तोच काळ अंथरुणात गेला, तर पुढच्या इंजेक्शनची वाट बघणं तेवढं उरतं. हे सगळं जुळवणारे वेदनातज्ज्ञ बहुधा मूळचे भूलतज्ज्ञ असतात. मोठ्या रुग्णालयांत त्यांची पेन क्लिनिक्स असतात. मात्र लघवीवरचा ताबा सुटला, जांघेत बधिरता आली, पाऊल उचलेनासं झालं किंवा इंजेक्शननंतर ताप चढला, तर पेन क्लिनिकच्या तारखेसाठी न थांबता थेट आपत्कालीन विभाग गाठावा.