ओहोटीतले कालव
कोकणातल्या खडकांवर ओहोटीच्या वेळी कालवे घट्ट मिटलेली दिसतात. मग ती जेवतात कधी? अर्थातच भरतीत. शिंपला किंचित उघडतो, कल्ल्यांवरची केसांसारखी रोमके हलून पाणी आत ओढतात, तासाला काही लिटर! त्यातली एकपेशीय शैवाले चिकट स्रावात अडकून तोंडाकडे सरकतात. ओहोटीत अन्न नाही, प्राणवायूही जेमतेम. तेव्हा कालव साठवलेले ग्लायकोजेन प्राणवायूविना मोडते. आपल्या स्नायूंत अशा वेळी लॅक्टिक आम्ल साचते. कालवात सक्सिनिक आम्ल बनते आणि ऊर्जा थोडी अधिक मिळते. वाढलेली आम्लता शिंपल्यातले कॅल्शियम कार्बोनेट विरघळून शमवते. घराच्या भिंती झिजवून जगणेच हे! मात्र पाण्यात विषारी शैवाले माजली, तर त्यांचे विषही कालवात साठते, आणि शिजवून ते जात नाही.