रक्तातलं लोह : गोळीतला दुसरा घटक

मानोरा तालुक्यातल्या इंझोरीहून एका आशाताईंनी विचारलंय : गरोदर बाईच्या लाल गोळीत ६० मिलिग्रॅम लोह असतं हे कळतं, पण सोबत ५०० मायक्रोग्रॅम फोलिक ॲसिड कशाला? या प्रश्नाचा माग थेट मुंबईत जातो, आणि ती गोष्ट सांगायची मला कधीपासून हौस आहे.

१९२८ साली लुसी विल्स ही इंग्रज डॉक्टर मुंबईत आली. कापड गिरण्यांत राबणाऱ्या गरीब बायकांना गरोदरपणात जबर पंडुरोग होई, कित्येक दगावत. परळच्या हाफकिन संस्थेत विल्सबाईंनी त्यावर काम केलं. लोह कमी पडलं की तांबड्या पेशी लहान आणि फिकट होतात. इथे मात्र त्या नेहमीपेक्षा मोठ्या होत्या! म्हणजे उणीव दुसऱ्याच कशाची तरी. बाईंनी या बायकांचं खाणं तपासलं, उंदरांवर आणि माकडांवर प्रयोग केले. अखेर यीस्टचा एक स्वस्त अर्क, मार्माइट, लागू पडला. १९३१ साली त्यांनी ते जाहीर केलं. त्यातलं औषध नेमकं काय, हे तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं. १९४१ मध्ये अमेरिकेत चार टन पालकातून ते वेगळं काढलं, तेच फोलिक ॲसिड. पुढे आपल्या यल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या चमूने ते प्रयोगशाळेत तयार केलं.

पेशी दुभंगायची तर आधी डीएनएची नक्कल व्हावी लागते, आणि त्याला फोलेट, म्हणजे फोलिक ॲसिडचं निसर्गात मिळणारं रूप, लागतं. ते नसलं की पेशी वाढत राहते, पण दुभंगत नाही. म्हणून ती मोठी. लोहाचं काम निराळं : पेशीत हिमोग्लोबिन भरायचं. पेशीच पुरेशा तयार होत नसतील, तर नुसतं लोह देऊन काय होणार?

खरी पंचाईत दोन्ही कमी असतात तेव्हा होते. काही पेशी लहान, काही मोठ्या. मशीन सरासरी काढतं आणि रिपोर्टवर एमसीव्ही, म्हणजे पेशींचा सरासरी आकार, नॉर्मल येतो. अशा वेळी रिपोर्टवरचा आरडीडब्ल्यूचा, म्हणजे पेशींच्या आकारातल्या फरकाचा, आकडा जरूर बघावा. तो वाढलेला असेल, तर पेशींच्या आकारात फार तफावत आहे. बी-१२च्या उणिवेतही पेशी मोठ्याच होतात, पण तो गुंता स्वतंत्र लेखाचा.

शरीरातला फोलेटचा साठा वर्षानुवर्षं पुरत नाही, जेमतेम काही महिने टिकतो. ते पाण्यात विरघळतं, शिजवताना काही नष्टही होतं. अंबाडी उकडून, पिळून पाणी फेकायची आपली रीत मला म्हणूनच खटकते. ताई, गोळी चालूच राहू द्या. पण घरोघरी एवढं जरूर सांगा, की अंबाडी तुरीच्या डाळीतच शिजवा. डाळीतही फोलेट असतं, आणि पाणी फेकायचा प्रश्नच येत नाही.